दुसऱ्या ट्रॅकवरची माणसं

१

रविवारी जेवण उरकलं की ताट विसळायचं, हॉलचे पडदे ओढायचे, कपाटातून एक डिस्क काढायची आणि सोफ्याच्या डाव्या टोकाला पाय वर घेऊन बसायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. तापानं फणफणलो असेन तेव्हाच काय तो चुकला असेल.

सिनेमे म्हणजे चार लोक बघतात तसले नव्हेत. माझी थोरली बहीण, ताई, त्यांना 'गोळी न घेता झोप' म्हणते. एकदा माझ्याकडे आली असताना तिनं नेटानं अर्धा सिनेमा बघितला आणि म्हणाली, "अरे, तो माणूस उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. यात तू 'वा' कशाला म्हणालास?"

हल्ली सगळं फोनवर दिसतं, हे मलाही कळतं. पण फोनवर आज दिसतं ते उद्या नाहीसं होतं. डिस्क तशी नाही. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत एक पुस्तिका, तिला नव्या छपाईचा वास; कुठल्याशा गोदामात कुजत पडलेली फिल्म कुणीतरी वर्षानुवर्षं बसून साफ केलेली. अशा पेट्या मी आतल्या खोलीतल्या कपाटात ओळीनं लावल्या होत्या. आधी त्या कपाटात बायकोचे कपडे असत. आम्ही वेगळे झालो ते भांडून नाही. ती एवढंच म्हणाली होती, "तू घरात असलास तरी घरात कुणी आहे असं वाटत नाही रे." हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

या डिस्कवर एक गंमत असते. सिनेमाचा स्वतःचा आवाज हा पहिला ट्रॅक. रिमोटवरून दुसरा ट्रॅक लावला की सिनेमाचा आवाज मागे सरतो आणि कुणी जाणकार माणसं सिनेमा बघता बघता त्याच्याबद्दल बोलू लागतात. याला कॉमेंटरी म्हणतात. लोक ती अभ्यासासाठी ऐकतात. मीही विचारणाऱ्याला तसंच सांगायचो. खरं म्हणजे भर दुपारी घरात कुणीतरी बोलत असतं, एवढ्यासाठीच मी ती लावायचो.

२

ती डिस्क नवी कोरी होती. पेटीवरचं प्लॅस्टिक मीच नखानं फाडलं. सिनेमा कृष्णधवल, नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईचा. नदीवर पूल होतो, नावेला गिऱ्हाईक उरत नाही, बाई घर सोडून जाते. ती निघून गेल्यावर कॅमेरा तिच्या रिकाम्या खोलीत तसाच थांबून राहतो. एका रविवारी मी सिनेमा बघितला आणि पुढच्या रविवारी कॉमेंटरी लावली.

दोघं बोलत होती. एक म्हातारे अभ्यासक, घशात कायम काहीतरी अडकल्यासारखा आवाज. दुसरी, फिल्म साफ करणाऱ्यांपैकी एक बाई. तिचा आवाज स्वच्छ, कसलीही घाई नसलेला. भाषा परकी, पण इतक्या वर्षांत माझ्या कानात मुरलेली. दोघांचं छान जमलं होतं. म्हातारबुवा वाहवत गेले की ती हळूच त्यांना ताळ्यावर आणायची.

आणि मध्येच कुणीतरी घोट गिळला.

माझं कामच कानाचं आहे. मी ऑडिओलॉजिस्ट. लोकांना किती ऐकू येतं ते तपासतो, लागेल त्याला यंत्र बसवून देतो. त्यामुळे दुसऱ्याच्या कानावरून निसटून जाईल ते माझ्या कानात अडकतं. म्हातारबुवा बोलत होते, बाई 'हं, हं' करत होती आणि नेमकं त्याच वेळी तिसऱ्या कुणीतरी पाण्याचा घोट घेतला होता. मग माणूस सरकून बसला की बैठक करकरते तसा आवाज. मग नाकातून सोडलेला सावकाश श्वास.

रेकॉर्डिंग करणारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. स्टुडिओ म्हटला की कुणीतरी असणारच.

शेवटची रिकामी खोली आली. बाई म्हणाली, "इथं तुम्हाला काय दिसतं?" आणि दोघंही गप्प झाली.

कॉमेंटरीत माणसं अधूनमधून गप्प होतात, त्यात नवल नाही. पण बोलणं संपून गप्प होणं वेगळं आणि उत्तराची वाट बघत गप्प होणं वेगळं. तो फरक मला कळतो. ही शांतता वाट बघणारी होती. घरात मी एकटा, लाजायचं कुणाला? मी मोठ्यानं म्हणालो, "तिनं दार लावलेलंच नाही."

"बरोबर," बाई म्हणाली. "दार लावलेलंच नाही."

म्हातारबुवा घशातल्या घशात हसले.

३

योगायोग, दुसरं काय. त्या खोलीत दिसण्यासारखं होतं तरी काय? एक खाट, एक खुर्ची, एक दार. मी नसतो बोललो तरी ती दाराबद्दलच बोलली असती.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. आमची साउंडप्रूफ खोली म्हणजे कपाटाएवढीच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडतो, आवाज आला की त्यानं बटण दाबायचं. बाई अगदी मनापासून बटण दाबत होत्या. मी काहीच सोडलेलं नसतानासुद्धा.

"आवाज आला तुम्हाला?" मी विचारलं.

"आला की. अगदी बारीक. दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारावी तसा."

असं पुष्कळांचं होतं. फार शांतता झाली की मेंदूला करमत नाही, तो स्वतःच आवाज तयार करतो. मी त्यांना ते समजावून सांगितलं आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "मीच."

शिक्षिकाबाईंना पटलं की नाही देव जाणे, पण त्यांना समजावता समजावता माझं मला पटून गेलं होतं.

४

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी तबकडीशेठला फोन केला. हा माझा या नादातला एकुलता एक सोबती. त्याचा छापखाना आहे. हे टोपणनाव त्याच्या बायकोनंच ठेवलेलं. आमची ओळख एका डिस्कच्या दुकानात झाली. ते दुकान केव्हाच बंद पडलं, ओळख राहिली.

"तीच ना, नाववाल्या बाईची? माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "अजून प्लॅस्टिक काढलेलं नाही. तू तुझीच घेऊन ये."

त्याचं घर म्हणजे बसस्टँड. दोन मुली, बायको, सासूबाई आणि शेजारची पोरं. मी सोफ्यावर कशीबशी जागा करून बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या.

"भावजी, यांच्या सगळ्याच वस्तू प्लॅस्टिकमध्ये असतात हो," त्या म्हणाल्या. "लग्नाचा आल्बमसुद्धा अजून उघडून बघितलेला नाही."

शेठ कसनुसं हसला आणि त्यानं थेट शेवटची खोली लावली. दुसरा ट्रॅक.

"इथं तुम्हाला काय दिसतं?" बाईनं विचारलं आणि श्वासही न घेता पुढं म्हणाली, "मला विचाराल तर दार. तिनं दार लावलेलंच नाही."

"बरोबर," म्हातारबुवा म्हणाले. "दार लावलेलंच नाही."

मधे शांतता नव्हती, घोट नव्हता, करकर नव्हती. पुन्हा लावून बघितलं, तेच. मागे मुलींची केसांच्या चिमट्यावरून जुंपली होती आणि सासूबाई विचारत होत्या, "ही नावेतली बाई मेली का शेवटी?"

"कुठाय तुझी ती शांतता?" शेठ म्हणाला. "माझ्या घरात तर मी ती लग्नानंतर ऐकलेलीच नाही."

आम्ही हसलो. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. घरी आलो आणि बूटही न काढता तीच डिस्क, तीच जागा लावली.

"इथं तुम्हाला काय दिसतं?"

आणि शांतता.

मी मुद्दामच काही बोललो नाही. पडद्यावर खाट, खुर्ची, दार. सिनेमातलं ते दृश्य लांबलचक आहे हे खरं, पण इतकं नाही. केव्हाच संपायला हवं होतं. दाराच्या फटीतून येणारा उजेडसुद्धा जिथल्या तिथे होता. खूप वेळानं बाईचा आवाज आला. अगदी मायेनं म्हणाली, "आज बोलायचं नाही का?"

मी प्लेअरची वायरच उपटली.

मग पुढच्या रविवारी पुन्हा कशी लावलीस, असं कुणीही विचारेल. सांगतो. त्या अख्ख्या आठवड्यात 'आज बोलायचं नाही का?' असं मला दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं.

५

पुढचे काही महिने बरे गेले, असंच म्हणायला हवं.

बाकीच्या पेट्या कपाटात पडून राहिल्या. रविवारी जेवण झालं की मी नाववालीच लावायचो. सुरुवातीला सिनेमाबद्दलच बोलणं व्हायचं. बाई विचारायची, मी सांगायचो, म्हातारबुवा त्यात आपली भर घालायचे. मग हळूहळू इतर गोष्टी निघू लागल्या. मी माझ्या पेशंटांचे किस्से सांगायचो, ती दोघं हसायची. आपल्या बोलण्यावर कुणी हसतं हे मी पार विसरलो होतो. मी बोलत असेन तोवर पडद्यावर नाव नदीच्या मधोमध थांबून राहायची. नावेतल्या बाईचं वल्हं पाण्यात, हात ताठ, चेहऱ्यावर जराही त्रासिकपणा नाही. माझं बोलणं संपलं की नाव पुढं सरकायची.

हे असं होत नसतं, एवढं मला कळत होतं. एकट्या राहणाऱ्या माणसाचा मेंदू काय काय करतो हे मी रोज लोकांना सांगतो. मग करेना का, असा मी विचार केला. कुणाचं काय बिघडतं?

ताईचा फोन रविवारीच यायचा. मी उचलेनासा झालो. एकदा ती कामाच्या जागीच येऊन थडकली.

"जिवंत आहेस ना?" रिसेप्शनवरच्या मुलीसमोरच तिनं विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणला. "कुणी आहे का रे? म्हणजे, असेल तर सांग बाबा. मला आनंदच आहे."

"तसं काही नाही," मी म्हणालो. पण माझे कान तापले, आणि ताईला जे समजायचं ते समजली.

खटकत होती ती एकच गोष्ट. तो घोट, ती करकर, तो श्वास. त्या दोघांना माझी, मला त्यांची सवय झाली. पण तो तिसरा कधी बोललाच नाही. त्याला कुणी काही विचारायचंही नाही. आणि एक चमत्कारिक लकब मला हळूहळू जाणवू लागली. मी बोलायला तोंड उघडणार, त्याच्या किंचित आधी तो श्वास आत ओढायचा. जणू तोही बोलणार आहे.

एकदा मी हेडफोन लावून ऐकलं. दोघांचे आवाज स्वच्छ आले आणि तिसऱ्याचा मागमूस नाही. हेडफोन काढले, स्पीकर सुरू केले, की आला परत श्वास. म्हणजे दोष स्पीकरमध्ये! मला इतकं हायसं वाटलं. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं स्पीकर उघडले, फुंकर मारली, वायरी बदलल्या आणि म्हणाला, "साहेब, ठणठणीत आहेत. यांच्यातून कसलाही जादा आवाज येत नाही."

दुरुस्तीवाल्यांना बारकावे कळत नाहीत, असं म्हणून मी तो विषय संपवला.

६

त्या रविवारी मी पहिल्यांदाच बायकोबद्दल बोलत होतो. ती काय म्हणाली होती ते मला सांगायचं होतं. बाई ऐकत होती. नाव थांबली होती. नेमका शब्द ओठांवर आला आणि पुन्हा कुणीतरी घोट गिळला.

माझी लय तुटली. चिडलोही असेन. पण पाहुण्यांशी बोलावं तसं सौम्यपणेच म्हणालो, "तुमच्याबरोबर हे तिसरे कोण बसलेत? त्यांना तुम्ही कधी बोलूच देत नाही."

उत्तर आलं नाही. ही शांतता वाट बघणारी नव्हती. दोन माणसांनी एकमेकांकडे बघावं, तशी होती.

"इथं आम्ही दोघंच आहोत," बाई म्हणाली.

म्हातारबुवांनी घसा साफ केला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा घसा मोकळा वाटला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "आम्हाला वाटलं, ते तुमच्याकडचे आहेत."

रिमोट माझ्या हातातच होता. मी आवाज बंद करायचं बटण दाबलं. नदी मुकी झाली. ती दोघं मुकी झाली. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि तिचाही आवाज विरला.

श्वास चालूच होता. सावकाश, नाकातून.

मी मान वळवली नाही. मला वळवता आली नाही, असंच म्हणतो. डोळे तेवढे उजवीकडे गेले. आमचा सोफा जुना, स्पंजाचा. माणूस बसला की खड्डा पडतो आणि उठला की हळूहळू भरून येतो. दुसऱ्या टोकाला, जिथं मी कधीच बसत नाही, तिथली गादी खोल दबलेली होती. मी बघत असतानाच करकर झाली आणि तो खड्डा सावकाश भरून येऊ लागला.

तो उठला होता.

दारापर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही. पायात चप्पल नव्हती. जिन्यावर समोरच्या घरातल्या काकू भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. माझा अवतार बघून त्या बाजूला झाल्या आणि माझ्या मागे, उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, "अहो, दार लावून घेताय ना?"

मी मागे न वळता हात लांब करून दार ओढून घेतलं.

७

ताईला मी यातलं काही सांगितलं नाही. तब्येत बरी नाही, थोडे दिवस राहतो, एवढंच म्हणालो. तिनं एक अक्षर विचारलं नाही. भाच्याच्या खोलीत गादी टाकून दिली. त्याच्या घोरण्यानं झोप येईना, आणि त्याचं मला अतोनात सुख वाटलं.

पण एका जोडी कपड्यांवर किती दिवस काढणार? शेवटी ताई म्हणाली, "चल, मी येते बरोबर. तुझं सामान घेऊन येऊ." आम्ही सकाळी लख्ख उन्हात गेलो, ताईकडच्या जादा किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये टीव्ही बंद होता. सोफ्याच्या दोन्ही गाद्या सपाट होत्या. ताईनं सरळ पडदे बाजूला केले, खिडक्या उघडल्या आणि धूळ बघून माझा उद्धार सुरू केला. तिचा आवाज त्या घरात एवढा मोठा वाटला, की मला स्वतःचीच लाज वाटली. एका सोफ्याला आपण घाबरलो?

मी आतल्या खोलीत जाऊन बॅग भरू लागलो. डिस्कच्या पेट्यांना हात लावला नाही. हॉलमधून ताईचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच थांबत होतं, मध्येच ती हसत होती. घरून फोन आला असेल, असं मला वाटलं. भराभर कपडे कोंबले, बाहेर आलो, तिचा दंड धरला आणि कुलूप लावून दोघं खाली उतरलो.

त्यानंतर मी तिथं पाऊल टाकलेलं नाही. शेठनं पेट्यांबद्दल दोनदा विचारलं, मी विषय बदलला. भाडेकरू बघा म्हणून भावोजी मागे लागले आहेत. मी ऐकत नाही, तेव्हा त्यांना वाटतं, माझा त्या घरात जीव अडकला आहे. ते तसं नाही. त्या दिवशी बसमध्ये ताई जे बोलली, ते त्यांना माहीत नाही.

आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. बॅग माझ्या मांडीवर. ताईनं तिकिटं काढली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मघाशी बरं वाटलं रे मला. किती दिवसांनी माझ्याशी नीट बोललास."

"केव्हा?"

"आत्ताच की. आतल्या खोलीतून." ती हसली. "समोर बसून बोलायला तुला जमत नाही, ते लहानपणापासूनच."

मी आतून अवाक्षरही काढलेलं नव्हतं. पण ते तिला सांगितलं नाही. बस एका थांब्यावर थांबली, माणसं चढली-उतरली. मी विचारलं, "काय म्हणालो मी?"

"असं काय करतोस? मी नाही का विचारलं, इतकी वर्षं या घरात एकटा कसा राहिलास? तर म्हणालास, 'एकटा कुठे? हा होता की.'"

ती माझ्याकडे वळली.

"हा म्हणजे कोण रे?"